खांबाआडचा सॅक्सोफोन

तळेऱ्याला बस थांबली आणि ड्रायव्हर चहाला उतरला, तेव्हा माझा उजवा कान ठार बंद होता. गगनबावड्याचा घाट उतरताना सगळ्यांच्याच कानांना दडे बसतात. बाकीच्यांनी जांभया दिल्या, आवंढे गिळले, त्यांचे कान उघडले. माझा उघडणार नव्हता हे मला ठाऊक होतं, तरी मी वेड्यासारखी आ वासून बसले होते. शेजारच्या बाईंनी आल्याची वडी पुढे केली आणि काहीतरी विचारलं. मी मान डोलावली. ही माझी अलीकडची सवय. ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीला मी होकार देते. एक दिवस भलतंच कबूल करून बसणार आहे.

मे महिन्यात मालवणला जाणारी माणसं एक तर चाकरमानी असतात, नाही तर समुद्रात डुंबायला निघालेली पोराबाळांची कुटुंबं. मी दोन्हींत नव्हते. मी एक सॅक्सोफोन ऐकायला निघाले होते.

आता हे नीट सांगायला हवं. मी पुण्याची, बँकेतून निवृत्त झालेली, लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडलेली बाई. तरुणपणी काही वर्षं बदलीवर मुंबईला होते. तिथे एका हॉटेलात दर शनिवारी संध्याकाळी जॅझ वाजायचं, आणि मला त्याचं वेड लागलं ते कायमचं. आमच्या घरात हे कुणालाच कधी पटलं नाही. माझा भाऊ त्याला ‘लग्नाच्या बँडची तालीम’ म्हणतो. त्यामुळे जॅझ मी नेहमी एकटीनेच ऐकलं. एकटीने ऐकण्याचं मला कधी काही वाटत नसे. वाटायला लागलं ते ऐकू यायचं कमी झालं तेव्हा.

गेल्या हिवाळ्यात गोव्याला एका कार्यक्रमाला गेले होते. दुसऱ्या रांगेत बसले होते. ड्रमवाला वरच्या पितळी थाळीवर काठी मारताना मला स्वच्छ दिसत होता आणि आवाज येत नव्हता. मी आधी ध्वनियंत्रणेला शिव्या घातल्या. मग पाहिलं, तर आजूबाजूचे लोक त्याच थाळीवर पायांनी ताल धरून बसले होते. पुण्याला आल्यावर डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. उजवा कान गेल्यात जमा, डाव्याचे वरचे स्वर निघालेत, खालचे अजून शाबूत आहेत. ते किती टिकतील हे त्यांना सांगता येईना. यंत्र लावून माणसांचं बोलणं कळेल, म्हणाले, संगीताचं मात्र खात्रीने सांगता येत नाही. घरी येऊन मी खूप रडले. ते लपवण्यात काही अर्थ नाही, आणि लपवायला घरात कुणी नव्हतंही.

त्यानंतर मी जॅझ वाचायला आणि बघायला लागले, कारण डोळे चांगले आहेत. एका वादकावरचा सिनेमा पाहिला; थिएटरात माझ्याशिवाय एक जोडपं होतं, आणि ते सिनेमाला आलं नव्हतं. पण खाली अक्षरं येत होती, म्हणून मला तरी गोष्ट कळली. मग मुंबईतल्या जुन्या हॉटेल-बँडवरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. त्यात एका फोटोत मागच्या रांगेत, पुढच्या माणसाच्या ट्रम्पेटने अर्धा झाकलेला एक चेहरा होता. चष्मा, पडका खांदा, हातात सॅक्सोफोन. मी ताडकन उठून उभी राहिले. शनिवारचा माझा माणूस! खाली नाव होतं, पास्कल. गोव्यातल्या त्या कार्यक्रमातल्या एका वादकाची ओळख झाली होती. त्याला फोन केला. तो म्हणाला, पास्कल हयात आहे, मालवणच्या बाजूला आपल्या गावी असतो. वर त्याने त्या हॉटेलातल्या एका शनिवारचं जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं ध्वनिमुद्रण मला पाठवलं. त्यात ती लांब, वर वर चढत जाणारी एकट्या सॅक्सोफोनची सुरावट होती, त्याचा सोलो. ती ऐकायला मी वर्षानुवर्षं त्याच टेबलावर बसले होते. मोबाइलचा आवाज सगळा वाढवला तरी ती मला आता पातळ ऐकू येत होती.

म्हणून ठरवलं, समोर बसून ऐकायची. एकदाच. कान आहेत तोवर.

मालवणात बंदराजवळच्या एका घरगुती खाणावळीच्या वरच्या खोलीत उतरले. खाली जेवायला बसले तर चार खुर्च्यांच्या टेबलावर मी एकटी, आणि बाहेर लोक ताटकळलेले. खाणावळीच्या मालकीणबाई वाढता वाढता म्हणाल्या, “तुमी एकटीच इलास?” (आलात?) मी हो म्हटलं. त्यांनी आणखी काही न विचारता बांगड्याचं तिखलं (त्रिफळं घातलेलं दाट, आंबट-तिखट कालवण) पुन्हा वाढलं. मालवणी माणसाची सहानुभूती ताटात पडते. सोलकढीचे दोन पेले झाले, तिसऱ्याला नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटलं. जेवून मी धक्क्यावर जाऊन बसले. समोर सिंधुदुर्ग किल्ला, होड्यांना लोंबकळलेले पर्यटक, पलीकडे जाळी विणत बसलेले लोक. लाटा फुटताना दिसत होत्या. त्यांचा धपकारा ऐकू येत होता, पण मागे सरताना वाळूवर होणारी सळसळ नव्हती. ती असते हे मला आठवत होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर हसनभाईंची रिक्षा केली. साठीचे गृहस्थ, मेंदी लावलेली दाढी. पास्कलचं नाव काढताच त्यांनी रिक्षाच थांबवली.

“बेंडवालो पास्कू? माझ्या लग्नात वाजवल्यान त्यान,” ते म्हणाले, आणि मग मागे वळून माझ्याशी बोलतच रिक्षा हाकू लागले. मी डावा कान पुढे करून जमेल तेवढं टिपलं. मुंबईचं काम संपल्यावर पास्कू गावी आला, इथल्या पोरांना घेऊन त्याने बँड काढला, हिंदू-मुसलमान-ख्रिस्ती सगळ्यांच्या लग्नांत वाजवलं. मुलगा आखातात. बायको फिलू गेल्या डिसेंबरात वारली. हे शेवटचं त्यांनी सांगितलं तेव्हा नेमका एक ट्रक गेला, म्हणून त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. मी हळहळले. पण तेव्हा त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

गाव खाडीच्या काठी आहे. माड, काजूची झाडं, लाल चिऱ्याची घरं, आणि तिठ्यावर पांढरा चुना लावलेला खुरीस (क्रूस). त्याच्या पुढे दुसरं घर पास्कलचं. तो ओसरीवर आमसुलांसाठी रतांबे फोडत बसला होता. ऐंशीच्या आसपासचा, चष्मा तोच वाटावा असा, खांदा आणखी पडलेला. सदऱ्याच्या खिशावर काळ्या कापडाचा एक तुकडा टाचलेला होता.

मी ओळख दिली. हॉटेलचं नाव सांगितलं, शनिवार सांगितला, खांबाजवळचं माझं टेबल सांगितलं. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

“खांब आठवता माका,” तो म्हणाला. “तुमी नाय.”

मला हसूच आलं. इतक्या वर्षांनी कुणी खरं बोललं की बरं वाटतं. त्याने लाल झालेले हात धुतले, मला बाकावर बसवलं, आतून कोकम सरबत आणलं. बोलता बोलता तो मालवणीतून मुंबईच्या हिंदीत आणि तिथून मराठीत सहज ये-जा करत होता. माझी मात्र घाई चाललेली. शब्दांनी सांगत बसण्यापेक्षा ऐकवावंच, म्हणून मी मोबाइल काढला आणि ते ध्वनिमुद्रण लावलं. लावलं म्हणजे, माझ्या कानाला लागतं तेवढ्या आवाजात लावलं.

अख्खं गाव दणाणलं असणार. मला काय कळतंय! मी तर डोळे मिटून बसले होते. डोळे उघडले ते पास्कलच्या हातामुळे. त्याने अख्खा पंजा मोबाइलवर दाबून धरला होता आणि तो कुंपणाकडे बघत होता. कुंपणापाशी काळ्या साडीतली एक बाई उभी होती, आणि तिचं तोंड जोरजोरात हलत होतं. मी घाईघाईने बंद केलं.

ती शेजारची आनमारी, फिलूची धाकटी बहीण. ती आत आली आणि मला फैलावर घेतलं. तिचा आवाज बारीक, तिचं निम्मंही मला पोचलं नाही. पण ओरडणं काय, चेहऱ्यावरूनही कळतं. मग पास्कलने सावकाश, माझ्या डाव्या बाजूला बसून समजावलं. घरात लूत (मरणानंतरचं दुखवट्याचं वर्ष) आहे. वर्ष भरल्याशिवाय या घरात वाद्य वाजत नाही, रेडिओ लागत नाही, टीव्हीवर चादर आहे. सॅक्सोफोनची पेटी फिलूच्या खाटेखाली आहे, आणि ती येत्या नाताळापर्यंत उघडायची नाही. दुखवट्याच्या घरातून भरदिवसा हॉटेलातला बँड वाजला, तर फिलूचं मरण कुणाला लागलंच नाही असं गाव म्हणेल.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी दोघांची माफी मागितली. आणि मग, कसं कोण जाणे, मनातलं सगळं तोंडातून बाहेर पडलं.

“नाताळापर्यंत मला ऐकू येईल की नाही, माहीत नाही,” मी म्हणाले. “माझे कान चाललेत. तुमचा तो सोलो एकदा समोर ऐकायचा होता. त्यासाठीच आलेय मी. दुसरं काही काम नाही माझं इथे.”

आनमारी बाकाच्या टोकावर टेकली. पास्कल मात्र विचित्र चेहऱ्याने माझ्या मोबाइलकडे पाहत राहिला.

“ह्यां माझां न्हय,” तो म्हणाला.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा विचारलं. त्याने तितक्याच शांतपणे पुन्हा सांगितलं. तो सोलो वाजवणारा दुसरा होता. तो पुढे, खांबाच्या पलीकडे उभा राहायचा. पास्कल मागे बसायचा, खालच्या आवाजाच्या मोठ्या सॅक्सोफोनवर, बाकीच्यांना साथ द्यायला. सोलो त्याच्या वाट्याला कधी आलाच नाही.

माझ्या टेबलावरून रंगमंच अर्धाच दिसायचा. खांबाच्या अलीकडे चष्मेवाला पास्कल, आणि पलीकडून तो स्वर. मी दोन्ही जोडून टाकले होते. जाणकार हसतील की बाई, दोन सॅक्सोफोनांतला फरक कळू नये? नाही कळला. मी नवशिकी होते, आणि पहिल्या शनिवारी मनात जे बसलं ते पुढे तपासून बघायचं कारणच पडलं नाही. चाळीसेक वर्षं मी भलत्याच माणसाला मनातून दाद देत होते!

तो दुसरा कुठे असतो, विचारलं. दुबईला गेला, तिकडेच संपला, त्यालाही पुष्कळ दिवस झाले. पास्कलने छातीवर क्रूसाची खूण केली. मी सरबताचा पेला हातात धरून तशीच बसले. मला खूप एकटं वाटलं. एवढं एकटं मला डॉक्टरांच्या समोरही वाटलं नव्हतं. जे ऐकायला आले होते ते जगात कुठे उरलेलंच नव्हतं, आणि ज्याच्याकडे आले होते त्याला मी धड कधी ऐकलंच नव्हतं.

उठून जायला हवं होतं. पण हसनभाई संध्याकाळी येणार होते, आणि आनमारीने मला हाताला धरून आपल्या स्वयंपाकघरात नेलं. भांडणाचा तिचा राग तेवढाच होता. नारळ आणि विळी माझ्यापुढे सरकवून ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत बोलू लागली. आज तिठ्यावरच्या खुरसाकडे लदीन आहे, म्हणाली. (लदीन म्हणजे मारियामातेला एकेका नावाने आळवणारी सामुदायिक प्रार्थना, मे महिन्यात इथे ठिकठिकाणच्या क्रूसांपाशी होते.) लदिनीला व्हायोलिन लागतंच, आणि पास्कल लहानपणी चर्चच्या शाळेत व्हायोलिनच शिकला होता. लुतीतही तिथे वाजवायला हरकत नाही, ते देवाचं.

“सोलो नाय तर नाय,” ती म्हणाली. “तां तरी आयक.”

तर दुपारभर मी खोबरं खवलं. चुलीवर मोठ्या टोपात चणे उकडत होते, ते लदिनीनंतर वाटायचे. जेवायला पेजेसोबत सुक्या बांगड्याची किसमूर (भाजून चुरलेला सुका मासा, कांदा आणि ओलं खोबरं) होती. मी घास घेताना आनमारी मला फिलूबद्दल सांगत होती. लदिनीचा पहिला आवाज, म्हणजे वरचा, तो फिलूचा. दुसरा, खालचा, पास्कलच्या व्हायोलिनचा. लग्न झाल्यापासून असंच चाललेलं. आता पहिला आवाज आनमारीकडे आला आहे, आणि तो तिला झेपत नाही, असं तिचं तिलाच वाटतं.

उन्हं उतरली तशी माणसं तिठ्यावर जमू लागली. खुरसाला अबोलीचे वळेसार (गजरे) घातले होते, पायथ्याशी मेणबत्त्या, वारा येऊ नये म्हणून त्यांना पुठ्ठ्याचा आडोसा. हसनभाई आधीच येऊन रिक्षा बाजूला लावून थांबले होते. काही हिंदू बायाही पोरं घेऊन मागे उभ्या होत्या. दोन व्हायोलिनं होती. पहिलं गावातल्या शाळेच्या मास्तरांकडे, दुसरं पास्कलकडे. आनमारीने मला पुढे ढकललं आणि पास्कलच्या उजव्या हाताशी उभं केलं, म्हणजे माझा डावा कान बरोबर त्याच्याकडे आला. यावेळी मध्ये खांब नव्हता.

सुरू झालं. आनमारीचं तोंड उघडलं, सगळ्या बायकांची तोंडं उघडली, मास्तरांचा गज सपासप फिरू लागला, आणि मला त्यातलं जवळजवळ काही ऐकू येईना. भिंतीपलीकडच्या घरात काहीतरी चाललंय एवढाच भास. वरचं सगळं गेलं होतं. मनात म्हटलं, झालं, इथेही तेच.

आणि मग खालचा आवाज आला. पास्कल जाड तारेवर वाजवत होता. हळू, थोडा खरखरीत, एकेका स्वरावर टेकत चाललेला. तो मला स्वच्छ ऐकू आला. त्यावर काहीच नव्हतं. बायकांची तोंडं मध्ये मिटली की हा थोडं पुढे चालायचा, जरा वळायचा आणि परत येऊन थांबायचा. तो कुणाला तरी वाट करून देत होता. जी वर गायची ती गेली, आणि तरी हा तिच्यापुरती जागा सोडून वाजवत होता. जमलेल्या सगळ्यांना पहिला आवाज ऐकू येत होता आणि त्याच्याखाली कुठेतरी पास्कल. मला एकटीला नुसता पास्कल, एका कडव्यात भलत्या स्वरावर घसरला तोही. मला रडू आलं, आणि ते प्रार्थनेतच असल्याने कुणाला खटकलं नाही.

संपल्यावर द्रोणातून चणे वाटले, मोठ्यांना घोटभर दारू. माणसं एकमेकांना हात जोडत पांगली. पास्कल व्हायोलिन फडक्यात गुंडाळत होता. त्याने मान वर न करता विचारलं, “आयकाक इला?”

“फक्त तुमचंच आलं,” मी म्हणाले. “दुसरं काही नाही.”

त्याने फडक्याची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग माझ्या डाव्या कानाशी वाकून म्हणाला, “तिसऱ्या कडव्यात चुकलंय मी. कोणाक कळाक नाय.”

“मला कळलं.”

त्याने चष्मा काढला आणि माझ्याकडे बघतच राहिला. मग तो हसला. दिवसभरात पहिल्यांदा. आनमारीला हाक मारून त्याने मोठ्याने सांगितलं की आपली चूक हिने धरली, फिलू गेल्यापासून आपली चूक कोणी धरली नव्हती. आनमारी हसली, आणि पदर डोळ्यांना लावून चण्यांचा टोप उचलायला गेली. रिक्षापर्यंत तो मला सोडायला आला. नाताळानंतर पेटी उघडतो, म्हणाला, ये. मी येईन म्हटलं.

परतीच्या बसने तळेऱ्याला पुन्हा चहासाठी थांबा घेतला. आनमारीने दिलेली आमसुलं पिशवीत होती, त्यांचा वास सगळ्या बसभर सुटला होता. यावेळी शेजारच्या मुलीने काही विचारलं तेव्हा मी मान डोलावली नाही. सांगितलं, मला कमी ऐकू येतं, डाव्या बाजूने बोल. तिने खिडकी उघडू का, एवढंच विचारलं होतं. घाट चढताना डावा कानही बंद झाला, आणि तो उघडेपर्यंत मी सारखे आवंढे गिळत होते. तो उघडला.

घरी आल्यावर पिशवी तशीच ठेवून मी ते ध्वनिमुद्रण लावलं. लूत नाही, गाव नाही, पूर्ण आवाजात. तो प्रसिद्ध सोलो पातळ होत होत वर निघून गेला, मी त्याला जाऊ दिलं. खाली लक्ष दिलं. तिथे तो होता, मोठा सॅक्सोफोन, इतकी वर्षं तिथेच होता, सगळ्यांना वाट करून देत बसलेला.

मध्यावर एका ठिकाणी तो चुकला. मी एकटीच हसले, आणि मागे नेऊन ती चूक पुन्हा ऐकली.